नऊ मंडळे, तीच पंधरा मुले: एका लहान हायस्कूलचे प्रकरण

जूनअखेर शाळेच्या व्हरांड्यात एक तक्ता लागतो. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, गणित मंडळ, इंग्रजी मंडळ, इतिहास मंडळ, हरित सेना, क्रीडा मंडळ, सांस्कृतिक मंडळ, ग्राहक मंडळ. प्रत्येकापुढे प्रमुख शिक्षक, अध्यक्ष आणि सचिवाचे नाव. दिवाळीनंतर त्याच तक्त्यावर स्नेहसंमेलनाच्या सूचना डकवलेल्या दिसतात आणि नऊपैकी आठ मंडळे उद्घाटनाच्या नारळापुढे सरकलेली नसतात. लहान शाळांत हे इतके नेहमीचे आहे की त्याला कोणी अपयशही म्हणत नाही.

इथे घेतलेली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. ती कोणा एका खऱ्या शाळेचे चित्र नाही. हिशेब करता यावा म्हणून पट, शिक्षक आणि तास ठरवून घेतले आहेत. आठवीत ४२, नववीत ४५, दहावीत ४१, म्हणजे एकूण १२८ मुले आणि त्यांत ७० मुली. मुख्याध्यापक धरून सहा शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई. कला किंवा क्रीडा शिक्षकाचे पद नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक लांब टेबल. पटांगणात मुलींच्या कबड्डीचे १२ मीटर बाय ८ मीटरचे मैदान बसते, खो-खोचे २७ बाय १६ बसत नाही. घरी कोणी तेलुगू बोलते, कोणी कन्नड, कोणी मराठी, थोडी मुले उर्दू. बऱ्याच जणांची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. वीसेक मुले आसपासच्या गावांतून एसटीने येतात.

पहिले निदान नेहमी एकच होते: मुलांना आवड नाही. ते चुकीचे आहे, आणि ते तक्त्यावरूनच दिसते. नऊ मंडळांची अध्यक्ष आणि सचिव मिळून १८ पदे. नावे मोजली तर वेगवेगळी मुले पंधराच्या आसपास भरतात. तीच मुले परिपाठ घेतात, तीच वक्तृत्वाला जातात, पाहुण्यांना पुष्पगुच्छही तीच देतात. उरलेल्या शंभराहून जास्त मुलांना आपण कोणत्या मंडळात आहोत हे माहीत नसते, कारण त्यांना कोणी विचारलेलेच नसते. शिक्षकांचे गणितही असेच फसते. सहा जणांत नऊ मंडळे म्हणजे तिघांकडे दोन-दोन. सगळ्या मंडळांची सभा शनिवारच्या शेवटच्या तासाला लावली की त्या तिघांना एकाच वेळी दोन खोल्यांत उभे राहावे लागते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सोमवार ते शुक्रवार शाळा पाचला सुटते. पाचनंतर मंडळ ठेवले तर सगळ्यांत आधी गळतात त्या गावाकडच्या मुली. त्यांच्याकडे एसटीचा मोफत पास असतो, पण पास असून उपयोग काय, सोयीची गाडी एकच असते आणि ती चुकली तर अंधार. त्यानंतर शहरातल्या मुली गळतात. विड्या कारखान्यात द्यायच्या आधी पाने कातरून देणे, जुड्या बांधणे, धाकट्या भावाला सांभाळणे हे सगळे संध्याकाळी त्यांच्याकडे असते. मग सहाला पटांगणात उरतात ती शाळेजवळ राहणारी, घरी काम नसलेली मुले. म्हणजे पुन्हा तीच पंधरा.

म्हणून प्रश्न उलट बाजूने सोडवावा लागतो. आधी कोणती मंडळे हवीत ते न विचारता आपल्याकडे किती तास आहेत ते मोजायचे.

शनिवारी शाळा सकाळी साडेसातची. परिपाठानंतर ३५ मिनिटांचे पाच तास. यातला तिसरा आणि चौथा तास जोडला की ७० मिनिटे होतात, हजेरी आणि जागेवर बसण्यात दहा गेली तरी तासभर हाती उरतो. शेवटचा तास मुद्दाम घ्यायचा नाही. शाळेतला शेवटचा तास कोणाचाच नसतो: सभा त्यातच होते, माहिती भरून देण्याचा निरोप तेव्हाच येतो, आणि पाऊस आला, ऊन चढले, साहेब आले, कारण कोणतेही असो, लवकर सोडायचे म्हणजे तोच तास सोडायचा. चौथ्या तासानंतर पाचवा तास अभ्यासाचा असला की मंडळातून कोणी परस्पर घरी जात नाही.

आता शनिवार मोजू. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सतराएक येतात. प्रवेशाचा गोंधळ, सण, घटक चाचणी आणि सत्र परीक्षा वजा केली की अकरा-बारा उरतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत आठ-नऊ. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, पाळणे लागतात. त्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर येते हे सोलापूरच्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही, तरी वार्षिक नियोजनात तो शनिवार भरलेला दिसतोच. एकूण २० शनिवार धरावेत. २० शनिवार म्हणजे २० तास. वर्षाचे भांडवल एवढेच.

शिक्षक सहा. त्या दोन तासांत तीन शिक्षक तीन मंडळांवर, एक दहावीच्या वर्गावर, एक मोकळा, आणि मुख्याध्यापक. मोकळा शिक्षक चैन म्हणून ठेवलेला नाही. प्रशिक्षण, मतदार यादीचे काम, कोणाची तरी रजा यामुळे सहापैकी एक जण नसतोच. म्हणून मंडळे तीन: भित्तिपत्रक, पाणी आणि दुरुस्ती. चौथे मंडळ काढण्याचा मोह जुलैत होतो आणि ऑगस्टमध्ये ते बंद पडताना बाकीच्या तिघांतले एक सोबत घेऊन जाते.

दहावीला मंडळ नाही, हा या मांडणीतला सर्वांत वादाचा भाग. त्यांच्यासाठी परिपाठ, स्नेहसंमेलन आणि कबड्डीचा संघ उरतो. काही शाळा दहावीला दिवाळीपर्यंत घेतात. ते वाईट नाही, पण मग दिवाळीनंतर प्रत्येक गटातला जाणता मुलगा एकदम जातो आणि काम मध्येच थांबते. आठवी-नववीची ८७ मुले तीन मंडळांत वाटली की प्रत्येकी २९ येतात. सात-आठ जणांचे चार गट पडतात, आणि एका शिक्षकाला एका खोलीत चार गट झेपतात.

मुलांची वाटणी पसंतीपत्रावर करायची: तीन नावे, क्रमाने. हात वर करायला सांगितले तर मैत्रिणी मैत्रिणींकडे बघून हात वर करतात आणि ज्यांचा तास गमतीचा त्या सरांकडे पन्नास मुले जमतात. २९ च्या खाली-वर तीनपर्यंत फरक चालवून घ्यावा. ज्यांना दुसरी पसंती मिळाली त्यांना दिवाळीनंतर पहिली मिळेल हे लेखी लावावे आणि पाळावे. बदल वर्षात एकदाच, दिवाळीनंतर.

तिन्ही मंडळांत अध्यक्ष नाही. गटात चार कामे असतात: गटप्रमुख, नोंद ठेवणारा, सामान सांभाळणारा, वेळ पाहणारा. दर चार शनिवारी कामे फिरतात. सुरुवातीला यात वेळ वाया जातो, कारण सहाव्या बाकावरची मुलगी पहिल्यांदा नोंद लिहिते तेव्हा ती दोन ओळींची असते. तिची वही मागून घेऊन हुशार मुलीकडे देण्याची सवय शिक्षकांना असते. तेवढी मोडावी लागते.

भित्तिपत्रक मंडळ

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बिघडणारे. बिघडते ते नकलेने. सुविचार, थोर व्यक्तींची जयंती, मोबाइलवरून उतरवलेले सामान्यज्ञान, कडेने वेलबुट्टी. असा अंक लावणाराही दुसऱ्यांदा वाचत नाही. एकच नियम पुरतो: प्रत्येक मजकुरासाठी कोणाला तरी विचारलेले असले पाहिजे, आणि ते कोणाला विचारले हे खाली लिहिले पाहिजे.

एवढ्याने विषय आपोआप जवळचे होतात. यंत्रमागावर धोटा कसा फिरतो, कांडी संपली की माग का थांबवावा लागतो, बीम भरायला किती वेळ जातो, टॉवेल आणि चादर यांच्या विणीत काय फरक, हे वडिलांना विचारता येते. विडीचे पान आधी भिजवावे का लागते आणि हजार विड्यांमागे किती पाने वाया जातात, हे आईला. एकाच वस्तूला घरात तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत आणि मराठीत काय म्हणतात याचा तक्ता हा या शाळेचा हक्काचा अंक आहे. मराठी बेताची म्हणून मागे बसणारी मुलगी त्या दिवशी चौघांना शब्द पुरवते. तेलुगू आणि कन्नड शब्द देवनागरीत लिहू द्यावेत, खाली त्या त्या लिपीत. लिपी घरातले कोणी तपासून देते, शिक्षकाने अंदाजाने तपासू नये.

जानेवारीचा अंक आधीच ठरलेला असावा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. तारीख यात्रेच्या तोंडावर येते, म्हणून हा अंक डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पूर्ण करून ठेवायचा. जानेवारीत करू म्हटले की होत नाही.

मापे अशी. ४ फूट बाय ६ फुटांचा सॉफ्टबोर्ड, सहा कार्डशीट. ए-फोर कागदावर हाताने १५० शब्दांच्या वर मजकूर नको, कारण मधल्या सुट्टीत उभ्याने तेवढेच वाचले जाते. बोर्डाची वरची कड जमिनीपासून साडेपाच फुटांवर. बहुतेक शाळांत तो मोठ्यांच्या उंचीने ठोकलेला असतो आणि आठवीतल्या मुलींना वरची ओळ दिसत नाही. वर्षाला आठ अंक पुरे. दर महिन्याला एक असा हट्ट धरला की तिसरा अंक नकलेचा निघतो.

पाणी मंडळ

हरित सेनेचे रूप बहुधा जुलैतल्या वृक्षारोपणाचे असते: खड्डा, रोप, फोटो. सोलापूरच्या उन्हात पहिल्या मेपर्यंत रोप टिकवायचे तर पाणी लागते, आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणून झाडांच्या आधी पाण्याचा हिशेब. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहेच. त्यातली प्रकल्पाची कामे इथेच करून घेतली तर शिक्षकाला तेच काम दोनदा तपासावे लागत नाही. मंडळ टिकण्यात या बचतीचा वाटा मोठा आहे.

पहिले काम गळक्या नळाचे. नळाखाली १०० मिलिलिटरचे मोजपात्र दहा मिनिटे धरायचे, भरले की ओतून पुन्हा. १५० मिलिलिटर जमले तर तासाला ९००, दिवसाला २१ लिटर ६०० मिलिलिटर. हा आकडा मुले स्वतः काढतात आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतात. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो. वॉशर बदलल्यावर पुन्हा मोजायचे, हे बहुतेक गट विसरतात.

दुसरे काम छपराचे. २० मीटर बाय ८ मीटर म्हणजे १६० चौरस मीटर छप्पर. १० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर १,६०० लिटर पाणी पडते. उडणे, मुरणे, पहिला मळका लोंढा सोडून देणे यासाठी पाचवा हिस्सा वजा केला तर १,२८० लिटर. सोलापूरचा वार्षिक पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर धरला तर वर्षाला सुमारे ७० हजार लिटर. मुले इथे नेहमी एक चूक करतात: मिलिमीटरचे मीटर करताना शून्य चुकते आणि छपरावरून सात लाख लिटर वाहू लागते. फरशीवर एक चौरस मीटरचा चौकोन आखून त्यावर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर हे एकदा ओतून दाखवले की चूक थांबते.

तिसरे काम पर्जन्यमापकाचे, आणि इथे सर्वाधिक बिघाड होतात. दोन लिटरची सरळ बाजूंची शीतपेयाची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचे आणि त्या रेषेला शून्य म्हणायचे. हे केले नाही तर पहिले दहा-पंधरा मिलिमीटर खाचांत हरवतात. भिंतीच्या आडोशाला ठेवू नये: भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर हवे. गच्चीवर कठड्याशी टेकवून ठेवलेली बाटली पाऊस कमीच दाखवते.

हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते, आणि इतर दिवशी शाळेचे फाटक त्या वेळी बंद असते. यावर उपाय शाळेत सापडत नाही. बाटली शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांच्या घरी, मोकळ्या धाब्यावर ठेवायची आणि शाळेत फक्त नोंदवही. दोन घरे यासाठी की एक गावाला जाते. दिवस चुकला तर 'दोन दिवसांचे मिळून' असे लिहायचे. अंदाजाने निम्मे-निम्मे करायचे नाही. हे शिकवायला जुलै अख्खा जातो, आणि तो जाऊ द्यावा.

दुरुस्ती मंडळ

विज्ञान मंडळ म्हटले की ज्वालामुखीची प्रतिकृती येते. त्याऐवजी एक टेबल आणि बिघडलेल्या वस्तू. मल्टिमीटर (साधारण ३०० रुपये), पेचकस संच, पक्कड, वायर सोलायचे कटर, २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, दोन संरक्षक चष्मे. दीड हजारात होते. मुले घरून टॉर्च, घड्याळ, रिमोट, सेलवरचा दिवा आणतात. नियम एकच पण न वाकणारा: भिंतीतल्या सॉकेटला लागणारी कोणतीही वस्तू उघडायची नाही. बॅटरी किंवा सेल, १२ व्होल्टपर्यंत. इस्त्री किंवा मिक्सर दुरुस्तीला आला की परत पाठवायचा, कोणाच्याही घरचा असो, शिक्षकाच्यासुद्धा. सोल्डरिंग आयर्न सॉकेटला लागतेच. ते एकच असावे, शिक्षक शेजारी उभा असेल तेव्हाच चालू.

बहुतेक वस्तूंत दोष तीनच असतात: सेलच्या पट्टीवर गंज, तुटलेली वायर, घाण बसलेले बटण. मुले मात्र आधी सर्किट बोर्ड काढतात. म्हणून क्रम भिंतीवर लावावा: सेल मोजा, पट्टी घासा, वायर ओढून पाहा, मग पेचकस. न दुरुस्त झालेल्या वस्तूंचीही नोंद हवी. काय तपासले आणि कुठे अडले, एवढे लिहिले की पुढच्या गटाचा अर्धा तास वाचतो.

याच टेबलावरून इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान-कल्पना योजनेसाठीच्या कल्पना निघाव्यात. शाळेला पाच कल्पनांपर्यंत पाठवता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. नेहमी होते ते असे की शेवटच्या दिवशी शिक्षक संगणकावर बसून पाच कल्पना स्वतः लिहितात, आणि निवड झालीच तर मुलाला आपल्या यंत्राचे नाव पाठ करावे लागते. जूनपासून एक 'अडचण वही' ठेवली तर हे टळते. प्रत्येकाने घरातली एक अडचण दोन ओळींत लिहायची, उपाय लिहायचा नाही. पाने कातरताना बोटाला घट्टे पडतात, मागाच्या आवाजात दारावरची हाक ऐकू येत नाही, टाकी भरल्याचे वर गेल्याशिवाय कळत नाही. ऑगस्टमध्ये त्यांतून पाच निवडायच्या.

खेळ आणि चित्रकला मुद्दाम बाहेर ठेवली आहे. खेळाचे तास वेळापत्रकात आहेत. शालेय स्पर्धांसाठी एकच संघ, १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डीचा, बारा जणींचा, कारण मैदान तेवढेच आहे. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेचे गुण दहावीला मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळे ती शिकवणी होते. तिला मंडळ म्हणायचे कारण नाही, आणि जाणकार कला शिक्षकाशिवाय भूमितीचा भाग शिकवूही नये.

पैसे: वर्षाचा खर्च तिन्ही मंडळांचा मिळून बेचाळीसशे ते साडेचार हजार. कागद, पेन, पिना हजारभर, अवजारे दीड हजार, मोजपात्र, पट्ट्या, नळाचे सामान पाचशे, दोन सहलींचा शहर बसचा खर्च बाराशे ते पंधराशे. मुलांकडून ऐनवेळी वीस-वीस रुपये वर्गणी काढू नये. वीस रुपये नसलेला मुलगा 'नाहीत' असे म्हणत नाही, तो शनिवारी येत नाही. सहल जवळचीच: भुईकोट किल्ला, धर्मवीर संभाजी तलाव. पंधरा मुलांमागे एक शिक्षक, सोबत शिक्षिका असलीच पाहिजे, आणि संमतीपत्र घरी वाचता येईल अशा भाषेत.

डिसेंबरचे संकट वेगळे सांगायला हवे. स्नेहसंमेलनाचा सराव सुरू झाला की सहा आठवडे मंडळे बंद पडतात आणि पुन्हा उघडत नाहीत. सरावाला बारा दिवस, रोज शेवटचा एक तास, यापुढे नाही. शनिवारचा तिसरा-चौथा तास सरावाला द्यायचा नाही. प्रत्येक मंडळाने आठ मिनिटांचा एक कार्यक्रम आपल्या कामातून द्यायचा. चित्रपटगीतावरचा नाच बंद करायचे कारण नाही, मुलांना तो हवाच असतो. पण भाड्याचा पोशाख बंद करावा. पोशाखाचे भाडे ठरले की त्या रात्री तीन-चार मुली नाचातून 'पाय दुखतो' म्हणून बाहेर पडतात.

नोंदीचा त्रास कमी ठेवावा. शनिवारी एक पान: तारीख, हजर किती, काय झाले, काय अडले, कोणते सामान संपले. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदवला' हे वाक्य वहीत दिसले तर त्या दिवशी काही झाले नाही असे समजायला हरकत नाही. फोटो महिन्यातून एकदा. दर शनिवारी ग्रुपवर टाकायचा म्हटले की रांग, हसू, बॅनर यांत साठातली पंधरा मिनिटे जातात.

दोन गाठी या मांडणीतही सुटत नाहीत. दुरुस्ती मंडळाचा शिक्षक बदलून गेला तर ते टेबल बंद पडते, कारण दुसऱ्याला आयर्न धरायची भीती वाटते. मोकळ्या शिक्षकाने वर्षात निदान चार शनिवार तिथे बसावे, एवढाच त्यावर उतारा. दुसरी गाठ उन्हाळी सुट्टीची. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, कधी एकाच संध्याकाळी चांगला पडतो, आणि तेव्हा नोंदवही कुलपात असते. म्हणून एप्रिलअखेर वही कपाटात ठेवायची नाही. ती बाटली असलेल्या दोन घरांपैकी जे सुट्टीत गावाला जाणार नाही तिथे द्यायची, आणि कोणाकडे दिली ते लिपिकाच्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवायचे.